सोलापूरचा जुना कागद शोधताना: कॉलेज, विद्यापीठ आणि जिल्ह्याच्या दप्तरापर्यंत कसं पोचायचं

आमच्या कॉलेजची स्मरणिका निघणार होती आणि त्यातलं इतिहासाचं प्रकरण माझ्याकडे आलं. मला हवी होती १९५० च्या दशकातली संलग्नीकरणाची, म्हणजे कॉलेज विद्यापीठाला जोडल्याची फाइल. मी केगावला सोलापूर विद्यापीठात अर्ज दिला, दोनदा स्मरणपत्र दिलं, मग स्वतः गेलो. तिथल्या एका ज्येष्ठ लिपिकांनी बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे विचारलं, "सर, आपलं विद्यापीठ कधी झालं?"

"२००४."

"मग १९५५ चा कागद इथं कसा येईल? तो पुण्याला बघा. बासष्टनंतरचा असेल तर कोल्हापूरला."

सहा आठवडे मी चुकीच्या दारात उभा होतो. पुढच्या दोन वर्षांत मी कोल्हापूर, पुणे, मुंबई पालथी घातली, आणि सोलापुरातल्याच कितीतरी माळ्यांवर नि ट्रंकांत डोकावलो. आता एम.ए.चे, पीएच.डी.चे विद्यार्थी, शताब्दीचे अंक काढणारे मुख्याध्यापक, आजोबांच्या गिरणीची माहिती शोधणारी नातवंडं असे बरेच जण फोन करतात. सगळ्यांना तेच तेच सांगतो, म्हणून एकदा नीट लिहून ठेवतो आहे.

१. प्रश्न एका वाक्यात लिहा, त्यात वर्ष आणि गाव हवंच

"मला सोलापूरच्या शिक्षणाचा इतिहास हवाय" असं म्हणून दप्तरखान्यात गेलात तर कुणी काहीच काढून देऊ शकणार नाही. "१९४० ते १९४९ या काळात सोलापुरात पदवीचं शिक्षण कसं सुरू झालं" असं म्हणालात तर निदान कपाट ठरतं. वर्ष नक्की माहीत नसेल तर अंदाजे दहा वर्षांचा पट्टा धरा. गावाचं नाव लिहिताना तेव्हाचा तालुकाही लिहा. हे काम घरी बसून, वहीत, पहिल्याच दिवशी करायचं.

२. त्या वर्षी कारभार कुणाकडे होता ते आधी ठरवा

या लेखातलं एकच पान वाचायला वेळ असेल तर हे वाचा. कागद गावाच्या मागे जात नाही, तो कारभाऱ्याच्या मागे जातो. ज्या कचेरीनं हुकूम काढला तिच्या दप्तरात तो राहतो, आणि ती कचेरी दुसरीकडे गेली की कागदही जातो. म्हणून "हे कुठं घडलं" याच्याआधी "तेव्हा मालक कोण होता" हे विचारायचं.

कॉलेजांचं उदाहरण घ्या. दयानंद कॉलेज १९४० सालचं. त्या वेळी सोलापूर मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ झालं आणि सोलापूर तिकडे गेलं. १८ नोव्हेंबर १९६२ ला शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, सोलापूर कोल्हापूरला जोडलं गेलं. १ ऑगस्ट २००४ ला सोलापूर विद्यापीठ झालं, एकाच जिल्ह्यापुरतं; २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. म्हणजे एकाच कॉलेजच्या एकाच वर्गखोलीत बसून पदवी घेतलेल्या चार पिढ्यांची प्रमाणपत्रं चार विद्यापीठांची असू शकतात, आणि त्यांचा पत्रव्यवहार चार शहरांत असतो. संगमेश्वर कॉलेज १९५३ चं, म्हणजे त्याची सुरुवात पुण्याच्या दप्तरात शोधायची. डॉ. वैशंपायन स्मृती वैद्यकीय महाविद्यालय १९६३ चं, त्याची सुरुवात कोल्हापूरकडे; पण वैद्यकीय शिक्षणासाठी १९९८ मध्ये नाशिकचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ झालं, त्यामुळे नंतरचा धागा केगावला न येता नाशिकला जातो. दयानंदची चालक संस्था डीएव्ही (दयानंद अँग्लो-वैदिक), आणि तिचं मुख्यालय फाळणीपूर्वी लाहोरला होतं. त्या वेळची संस्थेच्या बाजूची पत्रं सोलापुरात सापडली नाहीत म्हणून ती कधी नव्हतीच असा निष्कर्ष काढू नका.

जिल्ह्याचं याहून गुंतागुंतीचं आहे. आज आपण ज्याला सोलापूर जिल्हा म्हणतो तो एका मालकाचा कधीच नव्हता. अक्कलकोट हे वेगळं संस्थान होतं, ते १९४८ मध्ये विलीन झालं. मंगळवेढा सांगली संस्थानात होता. शेजारी लगेच निजामाची हद्द सुरू व्हायची. इंग्रजी अमलातल्या मुलखातसुद्धा हद्दी हलत राहिल्या: १८३८ मध्ये सोलापूरची पोट-कलेक्टरी झाली, १८६४ मध्ये मोडली, पुढे काही वर्षांनी जिल्हा पुन्हा उभा राहिला. इंडी, मुद्देबिहाळ हे आज कर्नाटकात असलेले भाग काही काळ सोलापूरकडे होते. म्हणून मंगळवेढ्याच्या १९२० च्या शाळेचा कागद सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत मागून महिना घालवू नका. तो सांगली संस्थानाच्या दप्तरात असणार.

साधारण दिशा अशी धरा:

- १८१८ पूर्वीचं, पेशवाईतलं: पुण्याचं पुराभिलेखागार, ज्याला सगळे पेशवे दफ्तर म्हणतात. इनामं, वतनं, देवस्थानं यांसाठी हेच पहिलं दार.
- १८१८ ते १९४७, सरकारच्या धोरणाची बाजू: मुंबईचं पुराभिलेखागार. शिक्षण, महसूल, न्याय अशा खात्यांनुसार आणि वर्षानुसार खंड लावलेले असतात.
- त्याच काळातली गावपातळीची बाजू: जिल्हाधिकारी कार्यालयाचा आणि तहसीलचा अभिलेख कक्ष.
- शहराची बाजू: नगरपालिका १८५२ ची, महापालिका १९६४ ची. सभेचे ठराव, मिळकतीच्या नोंदी, जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या इकडे. आजची महापालिका ज्या इंद्रभुवनात बसते तो वाडा आप्पासाहेब वारदांचा, त्यामुळे इमारत जुनी दिसते म्हणून त्यातलं दप्तरही तितकंच जुनं आहे असं समजू नका.
- निजामाच्या हद्दीतली गावं: हैदराबादला तारनाक्याला असलेलं तेलंगणा राज्याचं पुराभिलेखागार.
- दिल्लीच्या केंद्र सरकारपर्यंत गेलेली प्रकरणं, उदाहरणार्थ सोलापुरातला १९३० चा मार्शल लॉ (लष्करी अंमल): राष्ट्रीय अभिलेखागार, नवी दिल्ली.

३. प्रवासाला निघण्याआधी सोलापुरात बसूनच जे होतं ते उरका

गॅझेटिअरपासून, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथापासून सुरुवात करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा विसावा खंड सोलापूरचा, १८८४ चा. त्यानंतर महाराष्ट्र शासनाचं सोलापूर जिल्ह्याचं गॅझेटिअर १९७७ चं. दोन्ही संगणकावर वाचायला मिळतात. ते संपूर्ण सत्य म्हणून वाचू नका, नावं आणि वर्षं गोळा करायला वाचा. जुनं गॅझेटिअर लिहिणाऱ्या इंग्रज साहेबाला कराचं आणि पिकाचं कळत होतं. विणकराच्या घरातलं त्याला दिसत नव्हतं.

नंतर हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी वाचनालयं. इथं मागताना पुस्तक मागू नका. जुन्या संस्थांचे वार्षिक अहवाल, स्मरणिका, गौरवग्रंथ, दिवाळी अंक आणि वर्तमानपत्रांच्या बांधीव फायली मागा. हे साहित्य बहुतेक वेळा यादीत नसतं, मागच्या कपाटावर असतं. तिथल्या जुन्या सेवकांशी दोन शब्द बोला. "मामा, अजून काही वर ठेवलंय का?" या एका प्रश्नानं मला १९५० च्या दशकातल्या तीन कॉलेजांची मासिकं मिळाली.

राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळ आहे. नाव नोंदवून घरबसल्या शोध घेता येतो, आणि बऱ्याच फायली पानापानांनी वाचता येतात. इथला सापळा स्पेलिंगचा. इंग्रजी काळात शहराचं नाव 'शोलापूर' असं, म्हणजे 'एस'नंतर 'एच' घालून लिहीत. आजच्या स्पेलिंगनं शोधलंत तर निम्म्याहून जास्त फायली दिसतच नाहीत. बार्शी तेव्हा 'बार्सी', अक्कलकोटमधल्या 'क्क'ला एकच 'के'. प्रत्येक नाव तीन-चार तऱ्हांनी शोधा आणि कोणत्या तऱ्हेनं काय मिळालं ते वहीत लिहून ठेवा.

४. कॉलेजचा किंवा शाळेचा स्वतःचा कागद

लोक विद्यापीठाकडे धावतात आणि स्वतःच्या संस्थेची स्टोअररूम बघत नाहीत. मीही तेच केलं होतं. संस्थेत काय काय मिळू शकतं ते नीट सांगतो, कारण सर्वांत जिवंत माहिती मला इथंच मिळाली.

*मिनिट बुक.* नियामक मंडळाच्या सभांची इतिवृत्तं. कोणता ठराव कुणी मांडला, कुणी विरोध केला, कोणती तुकडी पैशांअभावी बंद पडली हे इथं कळतं.

*जनरल रजिस्टर.* प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव, जन्मगाव, पालक, आधीची शाळा. एका दशकाचं रजिस्टर वाचलं की त्या संस्थेनं कुणाला दार उघडलं ते दिसतं. सोलापुरात हे फार बोलकं असतं: मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू आडनावं एकाच पानावर येतात. पूर्व भागातल्या पद्मशाली घरातली पहिली मुलगी कॉलेजात कधी आली, हे मला एका रजिस्टरच्या ओळीतून कळलं, आणि त्या दिवशी मी दुसरं काहीच वाचू शकलो नाही. मात्र यात जात आणि घरची परिस्थिती असते. माणसं किंवा त्यांची मुलं हयात असतात. नावं छापायची असतील तर परवानगी घ्या, नाहीतर आकडे वापरा.

*डेड स्टॉक रजिस्टर.* हे कुणी मागत नाही. बाकं किती, सूक्ष्मदर्शक किती, कंदील किती, कधी घेतले, कितीला, कुठून. इमारतीत वीज कधी आली, प्रयोगशाळा खरी होती की अर्जातच होती, हे मिनिट बुक सांगत नाही. डेड स्टॉक रजिस्टर सांगतं.

*स्थानीय चौकशी समितीचा अहवाल.* संलग्नीकरण देण्याआधी विद्यापीठाची समिती येऊन बघून जायची. ग्रंथालयात पुस्तकं किती, प्राध्यापकांना पगार किती, मुलींसाठी वेगळी खोली आहे का, सगळं लिहायची. एक प्रत विद्यापीठात आणि एक कॉलेजात असायला हवी. कॉलेजातली हरवली असेल तरच विद्यापीठाकडे जा.

*कॉलेजचं मासिक.* मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला संपादक मंडळ, शेवटी वर्षाचा अहवाल आणि गटाचे फोटो. फोटोखालची नावं ताबडतोब उतरवून घ्या, ती पट्टी सर्वांत आधी फाटते.

स्टोअररूम उघडताना तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात कागद ठिसूळ होतो, बोट लावलं की कडा तुटते. पावसाळ्यात वाळवी आणि कसर. गंजलेली टाचणी ओढून काढू नका, कागद खालून धरून हळू सरकवा. गठ्ठा ज्या क्रमानं बांधलेला आहे तो क्रम मोडू नका, तो क्रमही माहितीच असतो. दोन फायलींमध्ये घुसलेलं एखादं सुटं पत्र नेमकं तिथंच का आहे, हे कधीकधी वर्षभरानं उलगडतं.

५. सोबत काय काय न्यायचं

- आधार कार्ड किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ आणि चार झेरॉक्स
- मार्गदर्शक, प्राचार्य किंवा संस्थेच्या अध्यक्षांचं शिफारसपत्र, लेटरहेडवर, शिक्का आणि जावक क्रमांकासह. जावक क्रमांक नसला की पत्र परत येतं. विषय आणि वर्षं पत्रात स्पष्ट लिहा, आणि वर्षांचा पट्टा थोडा रुंद ठेवा
- दोन पासपोर्ट फोटो
- शिसपेन्सिली आणि साधी वही. बहुतेक दप्तरखान्यांत शाईचं पेन चालत नाही
- भिंग, मोजपट्टी, स्वच्छ सुती फडकं
- फोन, त्यात रिकामी जागा आणि पॉवर बँक. फोटोची परवानगी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आधी विचारा
- कोर्ट फी स्टॅम्प, दहा-दहा रुपयांचे चार-पाच
- सुटे पैसे आणि डबा

६. मुंबई, पुणे, कोल्हापूर

मुंबईचं पुराभिलेखागार वर्षानुवर्षं फोर्टात एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. निघण्याआधी फोन करून वाचनकक्ष सुरू असल्याची खात्री करा. दुरुस्ती, स्कॅनिंग किंवा स्थलांतर चालू असलं की काही विभाग बंद असतात. पहिला दिवस अर्ज आणि सूची बघण्यात जातो, त्यामुळे एका दिवसाचं परतीचं तिकीट काढून जाऊ नका. निदान तीन दिवस हवेत. आधी सूचीतून खातं, वर्ष आणि खंड क्रमांक काढायचा, मग मागणीपत्र भरायचं. एका वेळी ठरावीकच खंड मिळतात. स्वातंत्र्यलढ्याचं काही हवं असेल तर गृह खात्याची 'स्पेशल' मालिका मागा. मे-जून १९३० मधला सोलापूरचा मार्शल लॉ, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात झालेली फाशी, त्यामागचा सरकारी पत्रव्यवहार या बाजूनं शोधायचा. वाचताना लक्षात ठेवा, हे कागद फाशी देणाऱ्यांनी लिहिलेले आहेत. 'दंगेखोर' हा शब्द त्यांचा. तुमच्या लेखात तो तसाच उतरू देऊ नका.

मुंबई विद्यापीठाचं जुनं 'कॅलेंडर' म्हणजे तारखांचं कॅलेंडर नव्हे. ते दरवर्षी निघणारं जाडजूड पुस्तक. त्यात नियम, संलग्न कॉलेजं, अभ्यासक्रम अशी माहिती असते. १९४० च्या दशकासाठी फाइल मिळाली नाही तरी कॅलेंडरवर बरंच काम भागतं.

पुण्याला हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येतं. पेशवे दफ्तर स्टेशनपासून फार लांब नाही. विद्यापीठाचं काम असेल तर जयकर ग्रंथालय गणेशखिंडीला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकाच दिवशी करायला जाऊ नका. गोखले इन्स्टिट्यूटनं सोलापूर शहराच्या सामाजिक-आर्थिक पाहण्या केल्या होत्या. धनंजयराव गाडगीळांच्या नावानं त्या १९६५ मध्ये पुस्तकरूपानं आल्या. गिरणगावाबद्दल लिहिणाऱ्यानं त्या चुकवू नयेत.

कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय आहे, तिथं वार्षिक अहवाल आणि प्रकाशनं बघा. प्रत्यक्ष संलग्नीकरणाच्या फायली मात्र प्रशासनाकडे असतात, ग्रंथालयात नाही. त्यासाठी कुलसचिवांच्या नावे अर्ज, आणि अर्जात कॉलेजचं तेव्हाचं नाव. संस्थांची नावं देणगीदारांप्रमाणे बदलतात. आजच्या नावानं शोधलं तर "फाइल उपलब्ध नाही" असं खरंखुरं उत्तर येतं. शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र सोलापुरात होतं आणि आजच्या विद्यापीठाची मुळं तिथंच आहेत, त्यामुळे २००४ च्या आधीची काही वर्षं दोन्हीकडे शोधावी लागतात.

७. सरकारी अभिलेख कक्ष आणि माहितीचा अधिकार

जिल्हा आणि तालुका कचेऱ्यांतल्या फायली अ, ब, क, ड अशा वर्गांत ठेवतात. 'अ' कायमच्या, बाकीच्यांना मुदत असते आणि मुदत संपली की त्या रीतसर नष्ट करतात. म्हणून "फाइल नाही" असं ऐकलं की पुढचा प्रश्न हा विचारा: "नाशन नोंदवहीत नोंद आहे का?" फाइल नष्ट केली असेल तर तिची तारीख मिळते, आणि नोंदच नसेल तर ती कुठंतरी असण्याची आशा राहते.

आधी साधा अर्ज करा. नम्रपणे, एका पानात. माझी बहुतेक कामं साध्या अर्जावर झाली. कुठल्याच अर्जाला उत्तर येत नसेल तेव्हा माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमांत ही मर्यादा आहे. उत्तराची मुदत तीस दिवस, पुढं पहिलं अपील. सगळ्यांत मोठी चूक म्हणजे "सन १९५० ते १९७० ची संपूर्ण माहिती द्यावी" असं लिहिणं. त्याऐवजी "अमुक विषयाच्या फायलींचं अवलोकन करू द्यावं" असं मागा. कायद्यात अवलोकनाचा हक्क आहे, आणि कर्मचाऱ्यावरही हजार पानं झेरॉक्स करण्याचा बोजा पडत नाही.

वेळ बघून जा. मार्चअखेर नको. जानेवारीच्या मध्यात सिद्धेश्वराची गड्डा यात्रा असते, तेव्हा शहरात कुणाचं लक्ष दप्तराकडे नसतं. आषाढीच्या आधी पंधरा दिवस अर्धी महसूल यंत्रणा पंढरपूरला असते. निवडणुकीत तर विचारूच नका. ऑगस्ट-सप्टेंबर उत्तम.

८. मोडी, सन आणि नावं

१९०० च्या आधीचं हाती लिहिलेलं मराठी दप्तर हवं असेल तर मोडी लिपीला बहुधा पर्याय नाही, आणि गावकामगारांच्या नोंदींत ती त्यानंतरही बरीच वर्षं दिसते. पुराभिलेख विभाग आणि काही विद्यापीठं मोडीचे वर्ग घेतात. दोन-तीन महिन्यांत अक्षरं येतात, वाचनाला मात्र वर्ष लागतं. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी वाचणाऱ्यांना सतत बोलावणं असतं, त्यामुळे कुणी जाणकार लगेच मोकळा मिळेल असं धरू नका. स्वतः शिका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत आणि शब्द तोडत नाहीत. त्यामुळे ओळ मोठ्यानं वाचली की अर्थ लवकर लागतो.

तारखांचा गोंधळ फार होतो. शकात ७८ किंवा ७९ मिळवले की इसवी सन. फसलीत, म्हणजे महसुली सालात, ५९० किंवा ५९१. फसली १३०० म्हणजे साधारण १८९०-९१. पेशवाईतला सुहूर सन शब्दांत येतो: 'इहिदे सबैन मया व अलफ' म्हणजे एक, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७१, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की १७७०-७१. वहीत मूळ सन जसाच्या तसा लिहा, शेजारी कंसात तुमचा हिशोब. फक्त हिशोब लिहिलात आणि तो चुकला, तर दुरुस्त करायला मूळच हाती राहत नाही.

शिलालेखांचं क्षेत्र वेगळं, पण सोलापूरच्या माणसानं एक नाव माहीत करून घ्यावं: आनंद कुंभार. नोकरी सांभाळून, स्वतः शिकून त्यांनी जिल्ह्यातले शिलालेख गावोगाव हिंडून वाचले. हत्तरसंग कुडलच्या संगमेश्वर मंदिरातला शके ९४०, म्हणजे १०१८ चा मराठी लेख त्यांनीच प्रकाशात आणला. पदवी किंवा पद नाही म्हणून अडणाऱ्यांना मी त्यांचं नाव सांगतो.

९. जे कुठल्याच दप्तरात नाही

१८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, पुढच्या नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू या गिरण्या. त्यांचे ताळेबंद कुठं ना कुठं मिळतात. पण भोंगा झाल्यावर कुठल्या चाळीतून कोण निघायचं, बदली कामगाराला महिन्यात किती दिवस काम मिळायचं, साचेखात्यातला जॉबर, म्हणजे मुकादम, कुणाला कामावर घ्यायचा, हे कागदावर आलंच नाही. हे घरांत आहे. हजेरीची तिकिटं, पगाराची पाकिटं, युनियनच्या पावत्या, फंडाची पुस्तकं. सेटलमेंट भागाचंही तसंच. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना तिथं तारेच्या कुंपणात ठेवलं होतं, १९५२ मध्ये जमातींना गुन्हेगार ठरवणारा कायदा देशभरातून गेला. सरकारी फायलीत तिथल्या माणसांचे अंगठे आणि हजेऱ्या आहेत. त्यांचं म्हणणं नाही. ते ऐकायला त्यांच्याच घरी जावं लागेल, आणि तिथली म्हातारी माणसं दरवर्षी कमी होत आहेत.

घरी जाताना रेकॉर्डर पहिल्या भेटीत काढू नका. पहिल्यांदा चहा घ्या, काय करताय ते सांगा. दुसऱ्यांदा विचारा, "काका, आवाज टिपून ठेवू का?" सही केलेलं संमतीपत्र घ्या, त्यांना मराठी वाचता येत नसेल तर तेलुगूत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगणारं घरचं कुणी सोबत असू द्या. एकच माणूस सांगतो म्हणून वर्ष पक्कं धरू नका. "संपाच्या साली", "दुष्काळाच्या साली" असं ते सांगतात, आणि संप एकापेक्षा जास्त झाले. लेकीचं लग्न त्याच्या आधी झालं की नंतर, असं विचारलं की साल सापडतं.

मूळ कागद घरी नेऊ नका. एका ठिकाणी एका अभ्यासकानं नेलेला अल्बम परत आलाच नाही, आणि त्या गल्लीत पुढची कितीतरी वर्षं कुणालाच कुणी काही दाखवलं नाही. त्यांच्याच ओट्यावर, दिवसाच्या उजेडात फोटो काढा.

१०. फोटो, नोंदी आणि परतफेड

प्रत्येक गठ्ठ्याचा पहिला फोटो त्याच्या वेष्टनाचा किंवा फाइलच्या मुखपृष्ठाचा. त्यानंतर पानं, क्रमानं, कोरी पानंसुद्धा. फ्लॅश बंद. त्याच रात्री फोटो संगणकावर उतरवून फोल्डरला संस्थेचं नाव, खातं, वर्ष आणि फाइल क्रमांक द्या. मी पहिल्या मुंबई वारीत चारशे फोटो काढले आणि नावं नंतर देऊ म्हटलं. त्यातल्या साठ पानांचा खंड क्रमांक मला आजपर्यंत लावता आलेला नाही, आणि ती पानं मी कुठं वापरूही शकत नाही.

काम संपलं की तुमच्या सगळ्या नोंदींची एक यादी करा: काय, कुठं, कोणत्या क्रमांकावर मिळालं, आणि काय शोधूनही मिळालं नाही. दुसरा भाग पुढच्या माणसाचे जास्त दिवस वाचवतो. यादीची एक प्रत तुमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात दाखल क्रमांक घेऊन ठेवा आणि एक विद्यापीठाच्या ग्रंथालयात. ज्या घरांतून कागद बघितले त्यांना त्यांच्या कागदांची छापील प्रत नेऊन द्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, सुती कापडात बांधून. आणि जाताना त्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या थेट कागदांवर टाकलेल्या दिसल्या तर त्या काढून वाळवलेला कडुलिंबाचा पाला ठेवा.